१९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता का? जुन्या दरांचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा १९४८ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले आणि १९५१ मध्ये परतले. घरात त्यांची खर्चाची वही सापडली, आणि तिच्याबरोबर तिकडचे काही शेअरही. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून पाठवलेल्या डॉलर ड्राफ्टच्या नोंदी तिच्यात आहेत. मोबाइलवर फिरणारा मजकूर सांगतो की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. मग १५०० डॉलरच्या ड्राफ्टला १५०० रुपयेच पडले का? नसतील तर खरा दर किती होता, आणि ती रक्कम आजच्या पैशात किती होते?

माझी सगळी नोकरी मुंबईत बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. निवृत्तीनंतरही जुने दर काढून देण्याची कामं येतच असतात: वारसांची, लेखापरीक्षकांची, कधी संशोधन करणाऱ्या मुलांची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर सरळ आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी एक डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास होता, तेव्हाच्या भाषेत ३ रुपये ४ आणे ११ पै. एकास एक हा दर त्या दिवशी नव्हता, त्या वर्षात नव्हता, त्या शतकातही नव्हता.

हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. त्या काळी रुपयाला डॉलरमधला असा स्वतंत्र भाव नव्हताच. रुपया पौंडाला बांधलेला होता आणि पौंड डॉलरला. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठरली. एका शिलिंगात १२ पेन्स, एका पौंडात २४०, एका रुपयात १८, म्हणजे पौंडाला १३.३३ रुपये, किंवा १३ रुपये ५ आणे ४ पै. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपासून पौंडाचा अधिकृत दर ४.०३ डॉलर होता. ४.०३ ला १३.३३ ने भागा, रुपयाला ३०.२२५ सेंट येतात. उलटं केलं की डॉलरला ३.३०८५ रुपये. ही नुसती माझी आकडेमोड नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर १९४६ मध्ये सभासद देशांच्या चलनांचे पहिले अधिकृत दर जाहीर केले, त्यात भारताच्या रुपयापुढे हाच ३०.२२५ सेंटचा आकडा आहे.

जुना दर शोधताना माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की त्या दिवशी रुपया कशाला बांधलेला होता? चांदीला, सोन्याला, पौंडाला, डॉलरला, चलनांच्या टोपलीला, म्हणजे अनेक चलनांच्या एकत्रित सरासरीला, की कशालाच नाही? याचं उत्तर मिळालं की आकडा दोन ओळींच्या हिशेबात हाती लागतो. ते न पाहता एखाद्या तक्त्यातून आकडा उचलला, तर तो बरोबर असूनही तुमच्या कामाला चुकीचा ठरू शकतो.

‘एकास एक’चा मुद्दा मात्र मागे जाऊन पुरता तपासण्यासारखा आहे. १८३५ पासूनचा रुपया १८० ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी माप) वजनाचा, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. भागाकार करून पाहा, बरोबर २.२५ येतो. नुसती चांदी तागडीत टाकली तरी डॉलर सव्वादोन रुपयांचा. सोन्याच्या मार्गाने गेलात तर १८७० च्या आधी रुपया साधारण २ शिलिंगांचा आणि पौंड ४.८६६५ डॉलरचा, म्हणजे डॉलरला २ रुपयांहून किंचित जास्त. पुढे जर्मनी आणि अमेरिका चांदी सोडून सोन्याकडे वळल्या, चांदीचा भाव कोसळला आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८९३ मध्ये सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं, तरी १८९४-९५ च्या सुमारास रुपया १ शिलिंग १ पेनीपर्यंत उतरला. डॉलरच्या हिशेबात ते पावणेचार रुपयांच्या थोडं वर. मग १ शिलिंग ४ पेन्सवर तो स्थिर केला गेला, १५ रुपयांना एक सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचं सोन्याचं नाणं, आणि डॉलर ३ रुपये ८ पैशांच्या जवळ आला.

या सगळ्या काळात एकच खराखुरा अपवाद मला सापडतो, आणि तो सांगताना मला नेहमी आनंद होतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथल्या सरकारने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. नोटांची किंमत घसरत गेली आणि जुलै १८६४ मध्ये १०० सोन्याच्या डॉलरसाठी २८५ कागदी डॉलर मोजावे लागले. रुपया तेव्हा २ शिलिंगांचा, म्हणजे सोन्याच्या ४८ सेंटांच्या वर. २.८५ ने गुणलं की एका रुपयाला १ डॉलर ३८ सेंट, कागदी. हा दर मुंबईत कुठे फळ्यावर लागलेला नव्हता. पौंडाच्या मार्गाने काढलेला हा हिशेब आहे. पण त्या काही महिन्यांत रुपया अमेरिकेच्या नोटेपेक्षा खरोखर जड होता. त्याच यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या मुंबईत शेअरचा तो प्रसिद्ध बाजार तापला. युद्ध संपताच १८६५ मध्ये दोन्ही उतरले, कापूसही आणि शेअरही. अभिमानाने सांगायचंच असेल तर १८६४ सांगावं. त्याला निदान हिशेबाचा आधार आहे.

‘१९१७ मध्ये एक रुपया म्हणजे १३ डॉलर’ असंही फिरत असतं. १९१७ मध्ये रुपया १ शिलिंग ४ ते ५ पेन्सचा आणि पौंड ४.७६ डॉलरचा होता. हिशेब केला तर डॉलरला सुमारे ३ रुपये येतात. माझा तर्क असा की पौंडाला १३.३३ रुपये हा पुढचा दर कुणीतरी उलटा वाचला आणि पौंडाच्या जागी डॉलर घातला. उलटा वाचलेला दर ही जुन्या कागदांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. तिच्याकडे खाली पुन्हा येतो.

१ शिलिंग ६ पेन्स हा दर सुखासुखी आला नाही. १९२६ मध्ये भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने तो सुचवला तेव्हा आयोगाचेच सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळी टिपणी लिहून १ शिलिंग ४ पेन्सची मागणी केली. मुंबईच्या गिरणीवाल्यांचा आणि कापूस व्यापाऱ्यांचा त्यांना पाठिंबा होता. कारण उघड आहे. रुपया महाग झाला की परदेशी कापड स्वस्त पडतं आणि इथल्या कापसाला रुपयांत कमी भाव मिळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि त्यांनी या आयोगापुढे साक्षही दिली. दोन पेन्सचा तो वाद वर्षानुवर्षं चालला. १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा झाला, त्यातही हा दर कोरला गेला. बँकेने पौंड विकायचा तो रुपयाला १ शिलिंग ५ पूर्णांक ४९/६४ पेन्सच्या खाली नाही, आणि घ्यायचा तो १ शिलिंग ६ पूर्णांक ३/१६ पेन्सच्या वर नाही. चौसष्टांशातले हे अपूर्णांक जुन्या दरपत्रकांत सर्रास दिसतात. त्यांना घाबरू नका. सगळं पेन्समध्ये आणा आणि २४० ला त्याने भागा, पौंडाचे रुपये मिळतात.

पौंडाला बांधल्याचा परिणाम बघायचा तर १९३० चं दशक पुरे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी नातं तोडलं, पौंड पडला आणि वर्षाअखेरीस डॉलर जवळजवळ ४ रुपयांना गेला. मग अमेरिकेनेच डॉलरची सोन्यातली किंमत कमी केली, आणि १९३४ मध्ये डॉलर २ रुपये ६५ पैशांच्या आसपास आला. या तीन वर्षांत पौंडाचा दर इथे १३.३३ वरून तसूभर हलला नव्हता. म्हणून ‘१९३४ मध्ये रुपया मजबूत होता’ असं कुणी डॉलरचा दर दाखवून म्हणालं, तर ती लंडन आणि वॉशिंग्टनची हालचाल आहे हे लक्षात घ्यायला हवं. मंदीत भरडलेल्या आपल्या शेतकऱ्याची अवस्था त्या आकड्यातून कळत नाही.

आता वहीकडे येऊ. १९४८ ते १९५१ या मुक्कामाच्या बरोबर मधोमध एक तारीख पडते: १८ सप्टेंबर १९४९. त्या दिवशी ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारताने पौंडाबरोबर उतरायचं ठरवलं. रुपया ३०.२२५ सेंटवरून २१ सेंटवर आला आणि डॉलर ३.३०८५ वरून ४.७६१९ रुपयांवर गेला.

म्हणून वहीतल्या नोंदी दोन भागांत विभागाव्या लागतील. १५०० डॉलरचा ड्राफ्ट ऑगस्ट १९४९ मध्ये काढला असेल तर अधिकृत दराने सुमारे ४,९६३ रुपये लागले. तोच ड्राफ्ट त्या ऑक्टोबरमध्ये काढला असेल तर सुमारे ७,१४३. पाठवणाऱ्याच्या खिशातून २,१८० रुपये जास्त गेले आणि शिकणाऱ्याच्या हातात एक सेंटही जास्त पडला नाही. वहीत १९४९ च्या हिवाळ्यात काटकसर वाढलेली दिसली, एखादी खोली बदललेली किंवा सुट्टीतलं काम धरलेलं दिसलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं. बँक ड्राफ्ट विकताना आपला नफा धरून दर लावायची, त्यामुळे प्रत्यक्षात भरलेले रुपये वरच्या आकड्यांपेक्षा थोडे जास्तच असणार. ड्राफ्टच्या अर्जाची किंवा पावतीची प्रत घरात असेल तर तिच्यावरचा दर हाच खरा. माझा हिशेब त्याच्यापुढे दुय्यम.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी डॉलर दर परवडला म्हणून मिळत नसे. १९३९ पासून परकीय चलनावर नियंत्रण होतं, १९४७ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. पौंडाच्या गोटातल्या सगळ्या देशांना डॉलरची टंचाई होती. शिक्षणासाठीसुद्धा परवानगी लागायची. म्हणून ३.३१ या आकड्याबरोबर ‘मंजुरी मिळाल्यास’ हे दोन शब्द मनात ठेवावेत.

१९४९ चीच एक बाजू फारशी कुणाला आठवत नाही. पाकिस्तानने तेव्हा अवमूल्यन केलं नाही. जून १९४८ अखेरपर्यंत त्यांचं चलनही आपल्या रिझर्व्ह बँकेकडेच होतं, दोन्ही रुपये सारखेच. एका आठवड्यात हिशेब बदलला आणि १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये झाले. भारताने तो दर मानायला नकार दिला, आणि पूर्व बंगालचा ताग व कलकत्त्याच्या ताग गिरण्या यांच्यामधला व्यापार ठप्प झाला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं आणि दोन्ही रुपये पुन्हा एका पातळीवर आले. कराचीतून आलेल्या एखाद्या कुटुंबाची १९५० ची कागदपत्रं हाताशी असतील तर त्यातला ‘रुपया’ कोणता, हे आधी विचारायलाच हवं.

४.७६१९ हा दर १९४९ पासून ६ जून १९६६ पर्यंत टिकला. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारने, सचिन चौधरी अर्थमंत्री असताना, डॉलर ७.५० रुपये केला आणि पौंड २१ रुपये. इथे दोन सापळे आहेत.

पहिला टक्केवारीचा. काही पुस्तकांत १९६६ चं अवमूल्यन ३६.५ टक्के लिहिलेलं असतं, काहींत ५७.५ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत २१ सेंटवरून १३.३३ सेंटवर आली, ती घट ३६.५ टक्के. डॉलरची किंमत ४.७६ वरून ७.५० रुपये झाली, ती वाढ ५७.५ टक्के. आयात करणाऱ्याला दुसरा आकडा लागला, सरकारने जाहीर केला तो पहिला. १९४९ चंही तसंच: घट ३०.५ टक्के, वाढ सुमारे ४४. वरचा १४४ चा आकडा याच वाढीतून आला.

दुसरा सापळा याहून फसवा आहे. पौंड २१ रुपयांचा झाल्यावर १०० रुपयांना किती पौंड? ४.७६१९. आणि १९४९ ते १९६६ मध्ये डॉलरला किती रुपये? तेही ४.७६१९. दोन्हीकडे १०० ला २१ ने भागलेलं आहे म्हणून आकडा चार दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत जुळतो. १९६७ च्या एखाद्या कागदावर ४.७६ दिसलं म्हणून तो जुना डॉलरचा दर समजून हिशेब मांडलेले मी पाहिले आहेत. त्या कागदावर तो १०० रुपयांचे पौंड सांगत होता.

असं होतं कारण आपल्याकडे बँका दर उलटा सांगत. ऑगस्ट १९९३ च्या आधी बँकेच्या दरपत्रकात ‘१०० रुपयांना इतके डॉलर’ अशी मांडणी असे. डॉलर ३१ रुपये ३७ पैसे असेल तर कागदावर ३.१८ च्या पुढचा आकडा. त्या पद्धतीत बँकेचा नियमही उलटा चाले: परकीय चलन घेताना आकडा मोठा, विकताना लहान. नव्या पद्धतीत घेताना कमी रुपये, विकताना जास्त. जुन्या दरपत्रकावर दोन आकडे दिसले आणि खरेदीचा आकडा विक्रीपेक्षा मोठा असला, तर समजा की तो १०० रुपयांमागचा दर आहे. कागद कुठल्या काळातला हे सांगणारी तारीख फाटलेली असली तरी या एका खुणेवरून अंदाज बांधता येतो.

१९६६ चा एक परिणाम कोकणातल्या घरांपर्यंत पोहोचतो. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत होती, कारण कुवेत, बहारीन, कतार, दुबईच्या बाजूच्या अमिराती आणि ओमानमध्ये रुपयाच चालत होता. कुवेतने १९६१ मध्येच आपला दिनार आणला, तो १३.३३ रुपयांचा, म्हणजे पौंडाच्या बरोबरीचा. बहारीनने १९६५ मध्ये, १० रुपयांचा. १९६६ चं अवमूल्यन झालं तेव्हा कतार आणि दुबईने रुपया सोडला आणि जुन्या, अवमूल्यनाआधीच्या किमतीचा रियाल काढला. त्या सुमारास तिकडे असलेल्या रत्नागिरी-रायगडकडच्या माणसाच्या पत्रात ‘रुपये’ असतील, तर जून १९६६ च्या आधीचे की नंतरचे यावर त्यांची किंमत ठरते. गोव्याच्या कागदांतही अशीच गुंतागुंत आहे: पोर्तुगीज रुपियाच्या जागी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एस्कुदो आला, एका रुपियाला ६ एस्कुदो या दराने.

पुढचा टप्पा भराभर सांगतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.४० डॉलरवर आला, या वेळी भारत त्याच्यामागे गेला नाही, म्हणून पौंड १८ रुपये झाला आणि डॉलर ७.५० वरच राहिला. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी नातं तोडलं. काही महिने रुपया डॉलरबरोबर राहिला, डिसेंबरमध्ये पुन्हा पौंडाला बांधला गेला, १८.९६७७ रुपये दराने. सप्टेंबर १९७५ मध्ये पौंडही सुटला आणि रुपया वेगवेगळ्या चलनांच्या टोपलीला जोडला गेला. त्या पिढीतले अनेक जण आठ डॉलर घेऊन परदेशी गेल्याचं सांगतात. अधिकृत दराने ते जेमतेम ६० रुपये होते, आणि अडचण रुपयांची नव्हतीच, परवानगीची होती. त्या काळी हवाला बाजारातला भाव अधिकृत दराहून वेगळा असे, त्यामुळे १९६० ते १९९० मधला अधिकृत दर हा सरकारी हिशेबाचा दर आहे, लोक मोजत असलेली किंमत तोच सांगेल असं नाही.

१९९१ ते १९९३ या दोन वर्षांवर मात्र थांबायला हवं, कारण आज येणारे बहुतेक गोंधळ इथलेच असतात.

१ जुलै आणि ३ जुलै १९९१, अशा दोन पायऱ्यांत रिझर्व्ह बँकेने रुपया खाली आणला. मनमोहन सिंग अर्थमंत्री, एस. वेंकिटरमणन गव्हर्नर, सी. रंगराजन डेप्युटी गव्हर्नर. दुसरी पायरी थांबवता येईल का, असा निरोप दिल्लीहून आला तोवर रंगराजन यांनी दर जाहीर करून टाकला होता, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. डॉलर २१ रुपयांच्या थोडा वर होता, तो २६ च्या थोडा खाली जाऊन थांबला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सोनं तारण म्हणून परदेशी पाठवलं गेलं.

आता कुणी विचारतं, ‘१९९१ चा दर किती?’ कॅलेंडर वर्षाची सरासरी सुमारे २२.७४. आर्थिक वर्ष १९९०-९१ ची १७.९४. आर्थिक वर्ष १९९१-९२ ची २४.४७. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही ‘१९९१’ या नावाने तक्त्यांत सापडतात. रिझर्व्ह बँकेचे तक्ते एप्रिल ते मार्चचे असतात, परदेशी संस्थांचे बहुधा जानेवारी ते डिसेंबरचे. एकाच आलेखात अर्धे आकडे इथून आणि अर्धे तिथून घेतलेले मी छापील अहवालांतही पाहिले आहेत.

मार्च १९९२ मध्ये त्याहून अवघड गोष्ट आली: एकाच दिवशी दोन अधिकृत दर. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यायचे आणि ६० टक्के बाजारदराने. उदाहरणापुरता सरकारी दर २६ आणि बाजारदर ३०.५० धरा. १०० डॉलरमागे १,०४० आणि १,८३०, एकूण २,८७० रुपये. म्हणजे त्याला प्रत्यक्ष मिळालेला दर २८.७०, आणि हा आकडा कुठल्याही दरपत्रकावर छापलेला नव्हता. सरकारी आयात, जसं कच्चं तेल आणि खत, सरकारी दराने, बाकीची बहुतेक बाजारदराने. १ मार्च १९९३ रोजी दोन्ही दर एक झाले, डॉलर ३१.३७ च्या आसपास. या बारा-तेरा महिन्यांतला कुठलाही व्यवहार समोर आला तर मी आधी विचारतो, पैसे कशाचे होते? माल निर्यातीचे, घरी पाठवलेले की सरकारी आयातीचे? ते कळल्याशिवाय दर सांगणं बरोबर नाही.

त्यानंतर दर बाजारच ठरवतो आणि रोजचा आकडा कुठेही मिळतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला आणि जुलै २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले, एवढं पुरे. ‘संदर्भ दर’ हा वेगळा प्रकार मात्र ओळखून ठेवा. पूर्वी रिझर्व्ह बँक तो दुपारी जाहीर करी, जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही कंपनी करते. बँकांच्या आपसातल्या व्यवहारांवरून तो काढतात. त्या दराने तुम्हाला कुणी डॉलर विकलेले नसतात.

‘आजच्या पैशात किती’ या प्रश्नात बहुतेक जण घसरतात. १५०० डॉलरला आजचा दर लावून चालत नाही, कारण १९४८ चा डॉलर आणि आजचा डॉलर यांच्या खरेदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९४८ मध्ये सरासरी २४.१ होता, २०२३ मध्ये ३०४.७. १५०० डॉलरचे होतात सुमारे १९,००० डॉलर, आणि २०२३ च्या सरासरी ८२.६० रुपये दराने साडेपंधरा लाखांच्या वर. आजोबा तिकडे जेवले, राहिले, पुस्तकं घेतली, त्याची किंमत ही. पण त्यांच्या वडिलांनी मुंबईत ४,९६३ रुपये उभे केले, त्याचं वजन किती होतं, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी डॉलर बाजूला ठेवा. त्या वर्षी त्यांचा पगार किती होता, घरभाडं किती होतं, हे वहीत किंवा घरच्या कागदांत असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. किती महिन्यांचा पगार एका ड्राफ्टमध्ये गेला, हे उत्तर कुठल्याही निर्देशांकापेक्षा जास्त सांगेल. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा आणि कुठलं कशाचं, तेही लिहा.

आकडे पडताळायचे असतील तर रिझर्व्ह बँकेची मासिक पत्रिका जानेवारी १९४७ पासून निघते, तिच्यात त्या महिन्याचे दर आहेत. पुण्यात रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार आहे आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या जुन्या आकडेवारीत न्यूयॉर्कमधला रुपयाचा भाव मिळतो, तो सेंटमध्ये असतो, ‘एका रुपयाला इतके सेंट’. १०० ला त्याने भागलं की डॉलरचे रुपये.

शेवटी कराचं, कारण वहीबरोबर तिकडचे काही शेअरही निघाले आहेत असं प्रश्नात म्हटलं आहे. तिथे यातला कुठलाही ऐतिहासिक सरासरी दर चालत नाही, संदर्भ दरही नाही. १९६२ च्या आयकर नियमांतला नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी बाइंग, म्हणजे तारेने आलेलं चलन बँक ज्या दराने घेते तो दर मागतो. भांडवली नफ्यासाठी विक्री ज्या महिन्यात झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. नव्या आयकर कायद्यानुसार नियमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा विक्रीआधी तुमच्या सीएकडून सध्याची तरतूद पाहून घ्या. आणि विक्री ठरली की त्या शेवटच्या दिवसाचं स्टेट बँकेचं दरपत्रक उतरवून फाइलला लावा. ते रोज बदलतं, आणि वर्षभराने विवरणपत्र भरताना तेच शोधत बसण्यात लोकांचे दिवस जातात.